प्रॅक्टिकलचा पाहुणचार

ओवीला मांडीवर घेऊन जीपमध्ये बसताना तेजलच्या मनात एवढंच होतं, की एक दिवस घराबाहेर पडायला मिळतंय. बाळंतपणापासून ती पंचवटीतल्या त्या दोन खोल्यांतच होती. लंगोट, पेज, परत लंगोट, आणि दुपारी ओवीचा डोळा लागला की तिच्या शेजारी लवंडून पंख्याकडे बघत राहणं. म्हणून ललित म्हणाला, "यंदा तूही चल, नवनाथ सरांचा फार आग्रह आहे, मिसेसना आणाच म्हणतायत," तेव्हा तिने आदल्या संध्याकाळीच ओवीची पिशवी भरून दाराशी ठेवली होती.

ललित शहरातल्या एका ज्युनियर कॉलेजात केमिस्ट्री शिकवायचा. फेब्रुवारीत बारावीच्या प्रॅक्टिकल परीक्षा सुरू झाल्या, की त्याला दुसऱ्या कॉलेजांवर एक्स्टर्नल म्हणून जावं लागे. मुलांचे स्वतःचे सर असतातच, पण त्यांच्या जोडीला मार्क द्यायला बाहेरचा एक परीक्षक लागतो, तो हा. यंदा इगतपुरीच्या आतल्या अंगाचं एक खेड्यातलं कॉलेज त्याच्या वाट्याला आलं होतं. जीपही त्यांनीच पाठवलेली.

घोटीच्या अलीकडे एका हवालदाराने हात केला. ड्रायव्हर काही न बोलता उतरला, गाडीच्या मागे गेला आणि लगेच परत येऊन बसला.

"घेतले ना?" ललितने विचारलं.

"नेहमीचंच, सर. पाशिंजर गाडी आहे ना."

"लाज कशी वाटत नाही यांना. सरकार पगार देत नाही का?" इगतपुरी येईपर्यंत तो त्यावरच बोलत होता. तेजलला ते आवडायचं. ओवी झाली तेव्हा दवाखान्यातली आया बाळाचं तोंड दाखवायच्या आधी खुशाली मागत उभी राहिली होती. वर म्हणाली होती, मुलगीच झालीय, कमी द्या. ललितने दिली नाही. मोठ्या सिस्टरपर्यंत जाऊन तो भांडला. खाटेवर पडल्या पडल्या तेजलने त्याचा आवाज ऐकला होता, आणि अंगात काही त्राण नसताना तिला वाटलं होतं, चांगला माणूस मिळाला आपल्याला.

कॉलेज म्हणजे पत्र्याच्या छपराच्या चार-पाच खोल्या, पुढे मुरमाचं मैदान. नवनाथ सर फाटकापाशीच उभे होते. ते तिथले केमिस्ट्रीचे शिक्षक. गोल चेहरा, खिशाला दोन पेनं, आणि बोलताना सारखे हात चोळायची सवय. त्यांनी ललितच्या गळ्यात हार घातला, ड्रायव्हरच्याही हातात शहाळं दिलं.

"वहिनी, आज तुम्ही काहीच करायचं नाही. आज तुमचं माहेर समजा."

"परीक्षा किती वाजता?" ललितने विचारलं.

"परीक्षेचं काय सर, ती चालूच आहे. तुम्ही आधी बसा. सरांना गावठी कोंबडी चालते ना? चालते म्हणूनच ऐकलंय आम्ही."

ललित हसला. दोघं ऑफिसात गेले. जाताना प्रयोगशाळेच्या उघड्या दारातून तेजलला आत उभी असलेली मुलं दिसली. काचेच्या नळ्या स्टँडला लावलेल्या, आणि मुलं वहीत काहीतरी उतरवून घेत होती. तिला बरं वाटलं. तिनेही केमिस्ट्री घेऊनच बी.एस्सी. केलं होतं. लग्न ठरलं आणि पुढचं राहिलं, पण पोरं ब्युरेटपाशी उभी दिसली की तिच्या बोटांना अजून ती काच आठवायची.

थोड्या वेळाने ओवी किरकिर करायला लागली. भाताची वेळ झाली होती. वास कुठून येतोय ते बघत तेजल इमारतीच्या मागे गेली. तिथे कुडाच्या पडवीत तीन दगडांची चूल पेटली होती. एक म्हातारी बाई टोपात डाव फिरवत होती आणि दोन वेण्या घातलेली एक मुलगी कढईत पुऱ्या सोडत होती.

"या बाय, बसा. सायबाच्या ना तुम्ही? मी भागीबाई." म्हातारीने पाट सरकवला. "बाळ बापावर गेलेलं दिसतंय."

"सगळे तेच म्हणतात."

"म्हणू द्या. वागवायचं आपण आन् नाक बापाचं. मीने, बाळाला मऊ भात काढ वाईच."

मुलीने हात पुसले, वाटीत भात काढला, वरण घातलं, बोटांनी अगदी लोण्यासारखा कुस्करला आणि फुंकर घालत तेजलपुढे धरला. मग विचारलं, "मी भरवू का?" ओवी परक्या माणसाकडे कधी जात नसे. पण त्या मुलीने जिभेने टक्क-टक्क आवाज काढला आणि ओवीने आ केला. अर्धी वाटी गेली. नंतर तिने ओवीचं तोंड आपल्या ओढणीच्या कोरड्या टोकाने इतकं हलकेच पुसलं, की तेजलला भरून आलं. घरी कुणी एक घास भरवायलाही नसतं.

तिने पर्स उघडली, दहाची नोट काढली आणि मुलीच्या हातात कोंबायला गेली. "घे गं. बांगड्या घे. किती प्रेमाने केलंस."

मुलीने दोन्ही हात मागे नेले.

"मी कामाची नाय, मॅडम. मी बारावीला हाय. सायन्सला."

तेजलला आधी कळलंच नाही. नोट तशीच हातात. "मग आज तर तुमची—"

"हां. आज माझी प्रॅक्टिकल हाय."

"मग तू इथे काय करतेस?"

मीनाने भागीबाईकडे पाहिलं. भागीबाईने चुलीतलं लाकूड मागे ओढलं. "वर्गणी झाली नाय ना तिच्याच्यानं. ज्याची झाली नाय त्यानं काम करायचं. दोन पोरं लाकडं आणाया गेली होती, ही पुऱ्या लाटाया."

"वर्गणी कसली?"

"ही काय." म्हातारीने टोपावरचं झाकण उचललं. आत रस्सा रटरटत होता, वर तेलाचा लाल तवंग. "सायबाची."

तेजलने नोट परत पर्समध्ये घातली. ती घालताना चेन अडकली, आणि तेवढा वेळ मान खाली घालता आली याचं तिला बरं वाटलं.

"मार्काचं काय मग तुझं?"

"ते देणार हायेत. नवनाथ सरांनी सांगितलंय, काळजी करू नको, समद्यांना सारखेच." मीनाने पुरी उलटली. "पण मला नर्सिंगला जायचंय, नाशकाला. तिथं कुणी म्हणालं, हे धर, हे माप, तर? वर्षभर लॅबला कुलूपच हुतं. काचेचं सामान काल टेम्पोनं आलं, परीक्षा झाली की जायाचं परत. मला फक्त एकदा करून बघायचं हुतं." मग एकदम हसून म्हणाली, "जाऊ द्या. पुरी तरी फुगतीय."

भागीबाई हसली. तेजलला हसता आलं नाही.

ती ओवीला कडेवर घेऊन ऑफिसच्या दाराशी गेली आणि ललितला व्हरांड्यात बोलावलं. त्याच्या गळ्यात अजून तो हार होता.

"अहो, तुम्हाला माहीत होतं?"

"काय?"

"पोरांकडून वर्गणी काढून जेवण केलंय. आणि जिच्याकडे नव्हती ती मागे तुमच्यासाठी पुऱ्या तळतेय. परीक्षा सोडून."

ललितने हार काढला. पुऱ्यांचं त्याला खरंच माहीत नव्हतं, हे त्याच्या तोंडावरून दिसलं. बाकीचं माहीत होतं, हेही.

"असतं गं सगळीकडे. पोरं हौसेने करतात. तिचे मार्क नाही कमी व्हायचे."

"तिला करून बघायचंय."

"तेजू, हळू बोल. मी कुणाकडे काही मागितलंय का? हा मान असतो परीक्षकाचा. आपले एक्स्टर्नल येतात तेव्हा आम्हीही करतोच."

"सकाळी त्या हवालदाराने तरी कुठे मागितलं? त्याने नुसता हात केला. ड्रायव्हरच उतरून गेला."

त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. लग्नानंतर इतक्या दिवसांत त्याला असं बघायची तिच्यावर पहिल्यांदाच वेळ आली होती, आणि तिला बघवेना. ती ओवीच्या झबल्याची नाडी परत परत बांधत राहिली. शेवटी तो आत वळून म्हणाला, "नवनाथ सर, मागे ती मुलगी आहे ना, तिला बोलवा. करू दे तिलाही."

"मीना? अहो, तिचं झालेलंच समजा, सर." नवनाथ सरांचं हात चोळणं थांबलं. "आता पुऱ्या कोण तळणार?" असं म्हणून ते हसले, पण कुणी साथ दिली नाही तेव्हा उठले.

मीना पळत आली. हात धुतलेले, पण नखांत कणीक तशीच. प्रयोगशाळेच्या फळ्यावर सगळी उत्तरं खडूने लिहिलेली होती, पहिलं वाचन, दुसरं, तिसरं. मुलं तीच उतरवून घेत होती. ब्युरेटमध्ये काही भरलंच नव्हतं. तेजलला सकाळी दारातून जे छान वाटलं होतं ते हे होतं.

"ब्युरेटमध्ये काय भरशील?" ललितने विचारलं. वर्गात विचारतो तसंच, मऊ आवाजात.

मीना बाटल्यांकडे बघत राहिली. मागून मनोज नावाचा मुलगा कुजबुजला, "जांभळं, जांभळं." तिने जांभळी बाटली उचलली. नरसाळं असतं हे तिला ठाऊक नव्हतं. निम्मं टेबलावर सांडलं, बोटं तपकिरी झाली. पिपेट तिने तोंडात धरली आणि शहाळं प्यावं तशी जोराने ओढली. दुसऱ्या बाटलीतलं द्रावण तोंडात गेलं. ती ठसकली, ओढणीत थुंकली. मुलं हसली. मनोज जास्तच हसला, पण त्यानेच पळत जाऊन तांब्या आणून दिला.

"राहू दे आता," नवनाथ सर म्हणाले.

"नाय सर, जमतंय." डोळ्यांत पाणी, पण तिने पिपेट परत उचलली.

तेजल दारात उभी होती. तिच्या जिभेवर सगळं होतं. थेंब-थेंब सोड, फ्लास्क हलवत राहा, पांढरा कागद खाली ठेव, आणि गुलाबी रंगाची नुसती शंका आली की थांब. तिला पुढे होऊन ते सांगता आलं असतं. पण परीक्षा चालू होती, आणि परीक्षकाच्या बायकोने उत्तर सांगायचं नसतं. फळा उत्तरांनी भरलेला असताना तिला हा नियम आठवला आणि ती जागची हलली नाही.

मीनाने चावी पूर्ण फिरवली. धार लागली. फ्लास्कातलं पाणी एका क्षणात फिकट गुलाबीवरून गडद जांभळं झालं, जांभळाच्या रसासारखं. तिने फ्लास्क दोन्ही हातांनी वर उचलला आणि आधी ललितकडे नाही, दाराकडे पाहिलं.

"आला, मॅडम. रंग आला."

"छान आला," तेजल म्हणाली.

ललित खिडकीबाहेर बघत होता.

"सर, माझं फळ्यावरच्यासारखं नाय आलं. मी काय लिहू?"

मग नवनाथ सर म्हणाले, "फळ्यावरचं लिही."

व्हरांड्यात आल्यावर ललितने कपाळ पुसलं. नवनाथ सर बाजूलाच उभे होते. "आता तूच सांग," तो तेजलला म्हणाला. आवाजात राग नव्हता, थकवा होता. "बाकीच्यांनी काही केलंच नाही, त्यांचं मी काही बघितलं नाही. हिचं बघितलं. जे बघितलं ते लिहिलं तर ही एकटी नापास होईल. लिहू?"

तेजलने ओवीला दुसऱ्या कडेवर घेतलं. खरं म्हणजे सगळ्यांचीच परीक्षा परत घ्या, असं म्हणायला हवं होतं. सामान आणखी दोन दिवस ठेवून घ्या, मुलांना शिकवा, मग घ्या. ते तिला सुचलंही. पण मग जीप, ललितची नोकरी, वरच्यांची पत्रं, नवनाथ सरांचा चेहरा, आणि संध्याकाळच्या आत घरी पोचून ओवीला आंघोळ घालायची, हे सगळं एकदम आलं.

"सगळ्यांना देता तेवढेच द्या," ती म्हणाली.

"बघा," नवनाथ सर परत हात चोळू लागले, अगदी मनापासून खूश होऊन. "शेवटी वहिनींनीच शब्द टाकला. वहिनी आपल्यातल्याच निघाल्या. चला, पानं वाढलीत."

पंगतीत तिला वाटलं होतं, घास उतरणार नाही. उतरला. अंगावर पाजणाऱ्या बाईला लागते तशी पोटातून भूक लागली होती, आणि रस्सा फार चवीचा झाला होता. दुसऱ्या वेळी पुरी आली तेव्हा तिने नको म्हणायला हात उचलला आणि तेवढ्यात वाढणाऱ्याने ती पानात टाकली. तिने तीही खाल्ली. ललित शेजारी बसून मान खाली घालून जेवत होता.

निघायच्या वेळी नवनाथ सरांच्या बायकोने, आशावहिनींनी, ऑफिसात पाट मांडला. साध्या बाई होत्या. यातलं त्यांना काही ठाऊक असेलसं वाटत नव्हतं. त्यांनी तेजलला हळदीकुंकू लावलं, ओवीच्या पायांत चांदीचे वाळे घातले आणि तिच्या तळपायाचा मुका घेतला. मग सुपातून तांदूळ, नारळ, खण आणि वर एक घडी घातलेली साडी उचलली.

"साडी नको, वहिनी. खरंच नको. नारळ घेते मी."

"असं कसं? ओटीला नाही म्हणू नये हो, लेकुरवाळ्या बाईने. आमच्या दारातून रिकामी पाठवू का तुम्हाला?"

ललितच्या हातात कुणी पाकीट ठेवलं असतं तर तो कदाचित भांडला असता. दवाखान्यात भांडला होता तसा. पण हे असं यायचं, कुंकू लावून, लेकराच्या पायाचा मुका घेऊन. वाळे काढायचे म्हणजे त्या बाईंच्या डोळ्यांदेखत मुलीचे पाय उघडे करायचे. तेजलने पदर पुढे धरला. साडी त्यात जड पडली. तिने मान वर केली तर दारातून मीना उष्ट्या पत्रावळी घेऊन चालली होती. ती थांबली, बघितलं, आणि चालू लागली.

जीप सुरू व्हायच्या आधी मीना खिडकीशी आली. हातांत अजून पत्रावळींचा दुसरा ढीग होता.

"मॅडम, मनोज म्हणतो, रंग फिकट यायला पायजे हुता. पुस्तकात तसंच हाय म्हणं. गडद झाला म्हंजी चुकला. खरं का?"

"हो," तेजल म्हणाली. "चुकला."

"तुम्हाला म्हाईत हुतं?"

"हो."

मीनाने जरा विचार केला. "मग छान का म्हणला?"

तेजलच्या ओटीतला नारळ घरंगळला, तो तिने धरला.

"मार्क पडतील पण?"

"पडतील. सगळ्यांइतकेच."

हे ऐकून ती खूश होईल, निदान सुटेल, असं तेजलला वाटलं होतं. मीनाचा चेहरा मात्र हळूहळू विझला, चूल पाण्याने नाही, आपोआप विझते तसा.

"चुकलं तरी?"

"हो."

"मग पुऱ्याच तळत बसले असते तरी चाललं असतं," ती म्हणाली. टोमणा नव्हता त्यात. गणिताचा शेवटचा आकडा मांडावा तसं सरळ म्हणाली. मागून भागीबाईने हाक मारली, बाकीच्या मास्तरांची पंगत बसायची होती, आणि ती "आले" म्हणाली.

ओवी नुकतीच टाटा करायला शिकली होती. तिने खिडकीतून हात बाहेर काढून बोटं उघडझाप केली. मीनाचे दोन्ही हात भरलेले होते. तिने नुसती मान हलवली आणि तोंडाने तो टक्क-टक्क आवाज काढला. ओवी खिदळली.

"वाळे छान आहेत," बऱ्याच वेळाने, गाडी रस्त्याला लागल्यावर ललित म्हणाला. मग त्याचं त्यालाच ते ऐकू आलं असावं.

तेजलने ओवीचे पाय आपल्या पदराखाली घेतले. प्रत्येक खड्ड्याला वाळे वाजत होते. तिने दोन्ही मुठींत ते धरून ठेवले, नाशिक येईपर्यंत.